बाहेर बसलेले पाच जण

कबड्डीच्या संघात बारा नावं लिहिली जातात आणि मैदानात सात उतरतात. उरलेले पाच जण रेषेबाहेर बसतात. पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या, कुणाचा पाय मुरगळला तर स्प्रे घेऊन धावायचं, ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा आणि आत कोण दमतोय यावर एक डोळा ठेवायचा, ही त्यांची कामं. जिंकल्यावरच्या फोटोत ते कडेला उभे असतात. संघातल्या भांडणांविषयी काही लिहायचं तर सुरुवात या पाच जणांपासून करावी लागते, कारण धूर बहुतेक वेळा तिथूनच निघतो.

बेळगावच्या पूर्वेला, बागलकोट रस्त्यावर, दहाएक किलोमीटरवर सांबरा आहे. बाहेरच्यांना हे नाव विमानतळामुळं ठाऊक असतं. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत इथं धावपट्टी झाली. आज शेजारीच हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे. गावात घरी मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही, आणि मैदानावर या दोहोंत दख्खनी हिंदी मिसळून जे तयार होतं ते. शहरात जावं तर व्हॅक्सिन डेपो, सरदार मैदान, लेले मैदान, युनियन जिमखाना. कॅम्पात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र. उत्तरेकडं निपाणी, आणि निपाणी ओलांडली की कोल्हापूरच्या तालमी. एवढ्या पट्ट्यात खेळणाऱ्या पोरांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती पोरांना एकत्र बांधणाऱ्या माणसाविषयी कुणी नीट बोलण्याची. खेळाडूंवर गौरवग्रंथ निघतात, मैदानं रंगतात, ढाली वाटल्या जातात. पण एखादा चांगला गडी अचानक सरावाला यायचा बंद झाला की "त्याचं खेळावरचं मन उडालं" एवढं म्हणून विषय मिटवला जातो. मन का उडालं, कुणामुळं उडालं, ते उडू नये म्हणून कुणी काय करायला हवं होतं, हा या लेखनाचा विषय.

बेळगावच्या हॉकीला या बाबतीत सांगण्यासारखं बरंच आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारतानं अंतिम सामन्यात पाकिस्तानला एका गोलनं हरवून सुवर्णपदक परत मिळवलं. त्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. चारच वर्षांनी मेक्सिकोला गेलेल्या भारतीय संघाला एक नव्हे, दोन कर्णधार होते: पृथिपाल सिंग आणि गुरबक्ष सिंग. दोघेही आपापल्या जागी थोर खेळाडू. पण एका म्यानात दोन तलवारी ठेवल्यावर काय होतं ते सांगायला हॉकीतज्ज्ञ लागत नाही. १९२८ पासून दर ऑलिम्पिकमध्ये पहिल्या दोनांत राहिलेला भारत पहिल्यांदाच त्याखाली घसरला आणि कांस्यपदक घेऊन परतला. पराभवाची कारणं अनेक असतील. जगही तोवर हॉकी शिकलं होतं. तरी दोघांना समजावून एकाला मागं घेण्याचं अवघड काम टाळून दोघांनाही पद देऊन टाकणं, हा वाद मिटवण्याचा मार्ग नव्हता. तो वाद सोबत बांधून नेण्याचा मार्ग होता.

संघातला प्रत्येक वाद मात्र वाईट असतोच असं नाही. चढाईला कुणाला पाठवायचं, उजव्या कोपऱ्यात कोण उभं राहील, शेवटच्या दोन मिनिटांत वेळ काढायचा की गुण, यावर पोरं तावातावानं भांडत असतील तर संघ जिवंत आहे असं समजावं. संघटनांचा अभ्यास करणाऱ्या कॅरन जेन यांनी १९९५ मध्ये कामावरचा वाद आणि माणसावरचा वाद असे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. पहिला काही वेळा उपयोगी पडतो, दुसरा जवळजवळ नेहमीच बाधतो. पुढं २००३ मध्ये डी ड्रू आणि वाइनगार्ट यांनी तोवर झालेले अनेक अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा चित्र थोडं बदललं: कामावरचा वादही एकूणात कामगिरीला मारकच दिसला, आणि माणसावरच्या वादाशी तो जोडलेला असला की अधिकच. ही गोष्ट तालमीतल्या कुठल्याही वस्तादाला आधीपासून ठाऊक आहे. "तू पकड उशिरा केलीस" हे वाक्य "तू नेहमीच उशिरा करतोस" व्हायला एक सामना पुरतो, आणि "तुमच्या गल्लीतले सगळे असेच" व्हायला एक चहा. पहिल्या वाक्यावर पोरांना भांडू द्यायचं आणि तिसऱ्याच्या आत हात घालायचा, हे प्रशिक्षकाच्या कसबाचं पहिलं अंग.

हात घालायचा तर आधी ऐकू यावं लागतं. सीमाभागात ही साधी गोष्ट नाही. निपाणी-कोल्हापूरकडं जी शिवी मायेनं हासडली जाते, तीच पुण्यात गेली तर कानशिलात बसेल. बेळगावची बाई "मी येतो" म्हणते, त्यात तिला काही वावगं वाटत नाही. बाहेरचा माणूस मात्र चमकून बघतो. एकाच संघात कन्नड शाळेतला, मराठी शाळेतला आणि उर्दू शाळेतला पोरगा असेल तर चेष्टा कुठं संपली आणि अपमान कुठं सुरू झाला, हे तिघांना तीन ठिकाणी वाटतं.

हे फक्त गावपातळीवर होतं असं नाही. १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यावर नवज्योतसिंग सिद्धू भारतीय संघ सोडून मध्येच घरी निघून आला. कर्णधार अझरुद्दीन, व्यवस्थापक मुंबईचे संदीप पाटील. सिद्धू का परतला ते त्यानं सांगितलं नाही. मंडळानं चौकशी बसवली तरी आधी तो गप्पच राहिला. क्रिकेट मंडळाचे माजी सचिव, बडोद्याचे जयवंत लेले यांनी पुढं आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याचा उलगडा दिला. त्यांच्या सांगण्याप्रमाणं अझरच्या तोंडी वारंवार येणारा एक शब्दप्रयोग हैदराबादेत सलगीचा होता. पंजाबी कानांना ती आईवरून दिलेली शिवी वाटली. चौकशीच्या वेळी मोहिंदर अमरनाथनं सिद्धूला पंजाबीत बोलतं केलं तेव्हा हे बाहेर आलं. जगातल्या उत्तम खेळाडूंचा संघ, सोबत व्यवस्थापक, दौऱ्याचा मोठा सरंजाम, आणि "तुला नेमकं काय लागलं?" हा प्रश्न त्याला कळेल अशा बोलीत विचारला गेला तो दौरा मोडून झाल्यावर. सांबऱ्याच्या मैदानावर तीन भाषा सांभाळणाऱ्या पीटीच्या मास्तरला हा प्रसंग परका वाटू नये.

आता रेषेबाहेरच्या त्या बाकावर परत येऊ.

२२ नोव्हेंबर २०१८. वेस्ट इंडिजमधल्या अँटिगा बेटावर महिलांच्या ट्वेन्टी-२० विश्वचषकाचा उपांत्य सामना. भारताची सर्वांत अनुभवी फलंदाज मिताली राज संघाबाहेर. तिनं त्याच स्पर्धेत पाकिस्तान आणि आयर्लंडविरुद्ध अर्धशतकं केली होती. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना ती दुखापतीमुळं खेळली नाही, भारत तो जिंकला, आणि जिंकलेला संघ तसाच ठेवायचा असं ठरलं. डाव ११२ धावांत आटोपला आणि इंग्लंडनं आठ गडी राखून सामना घेतला. त्यानंतरचे काही दिवस क्रिकेटपेक्षा पत्रव्यवहारच जास्त चालला. मितालीनं मंडळाला लिहिलं की प्रशिक्षक रमेश पोवार आपल्याला टाळत होते, आपल्याला कमी लेखत होते. मुंबईकर पोवार यांनी आपल्या अहवालात मांडलं की सलामीला खेळायला न मिळाल्यास निवृत्त होण्याची धमकी तिनं दिली होती आणि तिला सांभाळणं कठीण झालं होतं. कर्णधार हरमनप्रीत कौर आणि सांगलीची स्मृती मानधना यांनी पोवार यांनाच ठेवावं असं कळवलं. म्हणजे संघ उभा चिरला गेला, आणि तोही सगळ्या देशासमोर. पोवार यांची मुदत संपली, डब्ल्यू. व्ही. रामन आले.

यात खरं कोण, हे बाहेर बसून ठरवण्यात अर्थ नाही. संघ तसाच ठेवण्याचा निर्णय क्रिकेटच्या दृष्टीनं मांडता येण्याजोगा होता. मितालीचं दुःखही समजण्याजोगं होतं. दोन्ही बाजूंच्या कागदांत धावांपेक्षा जास्त जागा कशानं व्यापली होती ते बघण्यासारखं आहे: कोण कुणाशी बोललं नाही, कोण कुणाला बघून उठून गेलं, कुणी कुणाकडं दुर्लक्ष केलं. निर्णय एका ओळीचा होता. भांडण त्या ओळीच्या आगेमागे साचलेल्या अबोल्याचं होतं. आणखी एक गोष्ट या प्रकरणात विसरली जाते. २०२१ च्या मे महिन्यात पोवार पुन्हा त्याच पदावर आले तेव्हा एकदिवसीय संघाची कर्णधार मितालीच होती, आणि दोघांनी २०२२ च्या विश्वचषकापर्यंत एकत्र काम केलं. म्हणजे एकदा फाटलेलं पुन्हा सांधता येतं. फक्त त्याला वेळ जातो आणि त्या वेळेत स्पर्धा निघून जातात.

सात वर्षांनी तशीच वेळ आली. २०२५ चा महिला विश्वचषक मायदेशात होता. भारत दक्षिण आफ्रिकेकडून हरला, ऑस्ट्रेलियाकडून हरला, आणि १९ ऑक्टोबरला इंदूरमध्ये जिंकत आलेला सामना इंग्लंडला चार धावांनी देऊन बसला. त्या सामन्यात एक जादा गोलंदाज हवा म्हणून मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं होतं. त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक अमोल मुझुमदार कडक शब्दांत बोलले. हरमनप्रीतनं नंतर सांगितलं की ती स्वतः काही बोलली नाही, बोलले ते सरच. आणि ते मनापासून बोलतात हे ठाऊक असल्यानं कुणाला राग आला नाही. चार दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध जेमिमा परत आली, तीही तिसऱ्या क्रमांकावर, आणि नाबाद ७६ करून गेली. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिनं नाबाद १२७ केल्या. सामन्यानंतर रडत रडत तिनं सांगितलं की स्पर्धेत ती जवळजवळ रोज रडत होती, मनावर प्रचंड ताण होता, आणि मैत्रिणींनी तिला धरून ठेवलं. २ नोव्हेंबरला भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला.

इथं घाईनं निष्कर्ष काढायचा मोह होतो: पोवार चुकले, मुझुमदार जिंकले. तो मोह आवरायला हवा. विजय सगळ्या जखमांवर पांघरूण घालतो. इंदूरनंतर आणखी एक पराभव झाला असता तर त्या कडक बोलण्याचीही पत्रं झाली असती. जेमिमाचे अश्रू सांगतात की बाहेर बसण्याचा घाव तिलाही तितकाच खोल लागला होता. फरक एवढाच दिसतो की तो घाव संघाच्या आत राहिला, आतच बांधला गेला.

त्याचं एक कारण मुझुमदार यांच्या स्वतःच्या आयुष्यात शोधता येतं. फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी खेळपट्टीवर. कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६, भागीदारी ६६४. पुढच्या क्रमांकाचा फलंदाज पॅड बांधून बसला होता आणि बसूनच राहिला. तो अमोल मुझुमदार. पुढं रणजी पदार्पणात त्यानं हरियाणाविरुद्ध २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतकं जमवली, २००६-०७ मध्ये पराभवांनी सुरू झालेल्या हंगामात मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, आणि भारताची टोपी एकदाही डोक्यावर चढली नाही. पॅड बांधून थांबणं म्हणजे काय हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सचिन, विनोद आणि अमोल या तिघांना घडवणारे रमाकांत आचरेकर तसे मऊ नव्हते. पण त्यांची एक सवय या विषयात मोलाची आहे. सरावाच्या शेवटी ते स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. गोलंदाजांनी सचिनला बाद करायचं. जो करील त्याला नाणं, कुणालाच जमलं नाही तर नाणं सचिनचं. अशी तेरा नाणी सचिननं जपून ठेवली. ही गोष्ट नेहमी सचिनच्या एकाग्रतेसाठी सांगितली जाते. दुसऱ्या बाजूनं बघा: एका पोराकडं सगळ्यांचं लक्ष आहे, बाकीच्यांच्या पोटात दुखणं साहजिक आहे, आणि सरांनी ते दुखणं उघड्या मैदानात, नियमाच्या चौकटीत, एका रुपयाच्या मोलानं खेळायला लावलं. जळायला परवानगी होती, पण चेंडू हातात घेऊन.

हे उपजत शहाणपण सगळ्यांकडं नसतं, मग ते शिकवता येतं का? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७९ मध्ये शाळकरी पोरांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना थोडक्यात एवढंच शिकवलं: चांगल्या खेळाला आणि मेहनतीला दाद द्या, चूक झाली की आधी धीर, मग सूचना, शिक्षा आणि टोमणे टाळा, शिस्तीचे नियम आधीच सांगून ठेवा. हंगामाच्या शेवटी या प्रशिक्षकांचे संघ इतरांपेक्षा जास्त सामने जिंकले नव्हते. पण त्यांच्या पोरांना प्रशिक्षक आवडत होता, खेळ आवडत होता, आणि आपल्याच संघातली बाकीची पोरंही जास्त आवडत होती. शेवटचा मुद्दा नीट बघावा. कुणीही त्या पोरांना "एकमेकांशी गोडीनं राहा" असं शिकवलं नव्हतं. मास्तरची जीभ बदलली आणि पोरांचा आपसांतला वावर बदलला. टोमणा खाणारा पोरगा तो टोमणा स्वतःजवळ ठेवत नाही. आपल्यापेक्षा लहान दिसेल त्याला देऊन टाकतो.

भारतात बास्केटबॉल खेळून पुढं कॅनडात प्राध्यापक झालेले पी. चेल्लादुराई यांनी १९८० च्या सुमारास यात आणखी एक बारकावा घातला. प्रशिक्षक हुकमी असावा की सल्ला घेणारा, याचं एकच उत्तर नाही. परिस्थिती काय मागते, खेळाडूंना काय हवं आहे आणि प्रशिक्षक प्रत्यक्षात कसा वागतो, या तिन्ही गोष्टी जितक्या जुळतील तितका संघ समाधानी. १९९४ मध्ये ऑकलंडला सिद्धूची मान धरली तेव्हा सचिननं सलामीला जाण्यासाठी अझर आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांची मनधरणी केली. करड्या शिस्तीसाठी ओळखले जाणारे वाडेकर कबूल झाले. सचिननं ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या. उलट बाजूला २०१७ मध्ये अनिल कुंबळे यांनी भारताचं प्रशिक्षकपद सोडताना जाहीरच लिहिलं की कर्णधाराला आपल्या शैलीविषयी हरकत होती. त्या वर्षी निकाल बरे होते, ज्ञान निर्विवाद होतं, जुळणी नव्हती.

काही वाद मात्र कुठल्याही प्रशिक्षकाच्या कसबापलीकडचे असतात, आणि तेही इथं मांडायला हवेत. धारवाडात जन्मलेले पळवणकर बाळू हे आपल्या काळातले भारतातले श्रेष्ठ फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदू संघात त्यांना गोलंदाजी होती, पण जातीमुळं कर्णधारपद नव्हतं. पुण्यात तर संघासोबत खेळूनही त्यांचा चहा वेगळ्या भांड्यातून बाहेर येई. १९२० मध्ये या अन्यायावरून त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेतलं, आणि १९२३ मध्ये त्यांचा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला तेव्हा संघानं स्पर्धा जिंकली. तिथं तंटा स्वभावांचा नव्हताच. तसंच १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ३२ वर्षांनी हॉकीचं सुवर्ण आणणाऱ्या संघाचं. खडकीचा धनराज पिल्ले कर्णधार होता. परतल्यावर त्याच्यासह अनेक खेळाडूंना आणि प्रशिक्षक एम. के. कौशिक यांनाही बाजूला सारलं गेलं. पैशांच्या आणि मानाच्या त्या भांडणात प्रशिक्षक स्वतःच बाकावर बसला होता.

गावच्या मैदानावर अशी मोठी नावं नसतात; दाब मात्र तेच असतात. देणगी देणाऱ्याचा पुतण्या संघात असतो. मंडळाच्या अध्यक्षाला त्याच्या गल्लीतला चढाईपटू हवा असतो. शाळेत एकच पीटी मास्तर कबड्डीही बघतो, खो-खोही बघतो, आणि पंधरा ऑगस्टचं संचलनही. तालुक्याच्या स्पर्धेला निघताना टेम्पोत बसेपर्यंत सात कोण हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नसतं, कारण सांगितलं की फोन सुरू होतात. ही त्याची सोय असते. बाहेर बसणाऱ्या पाच जणांसाठी तीच पहिली ठिणगी ठरते.

गंमत अशी की कबड्डीच्या नियमातच यावर थोडं औषध आहे. बाद झालेला गडी स्वतःच्या जोरावर परत येऊ शकत नाही. आतल्या कुणीतरी गुण मिळवला तरच तो जिवंत होतो, तोही बाद झालेल्या क्रमानं. काल ज्याच्याशी बोलणं बंद झालं त्याच्याच चढाईकडं डोळे लावून बसावं लागतं. मुझफ्फर शरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या एका शिबिरात पोरांचे दोन गट पाडून त्यांच्यात वैर वाढू दिलं. नुसतं एकत्र जेवायला बसवून ते मिटलं नाही, उलट ताटांतलं अन्न एकमेकांवर उडालं. शिबिराचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला, तशा कामांतून ते हळूहळू निवळलं. कबड्डीत असं पाणी दर मिनिटाला बंद पडतं. तरीही भांडणं होतात, कारण हा नियम रेषेच्या आतल्या सात जणांना लागू असतो. बाहेरच्या पाच जणांना जिवंत करणारा गुण खेळात नाही. तिथं फक्त मास्तर आहे.

पुढच्या पानांत वेगवेगळ्या खेळांतले प्रशिक्षक, त्यांनी हाताळलेले आणि त्यांच्या हातून सुटलेले तंटे येतील. सांबऱ्यापासून निपाणीपर्यंतच्या कुठल्याही मैदानावर ते पडताळून बघता येतील. त्यासाठी सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी जावं. मास्तरच्या हातात वहीचा एक कागद असतो. सात नावं तो मोठ्यानं वाचतो, पोरं पाठीवर थापा मारत उठतात, कुणी गुडघ्याला पट्टी बांधू लागतं. उरलेली पाच नावं तो त्यानंतर कशी वाचतो, की कागद तसाच घडी घालून खिशात ठेवतो, तेवढं बघावं.